अलास्कात बोटीवरून हिवाळी माउंटन गोटची शिकार: तयारी कशी करावी?

पाऊलवाट (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरच्या शेवटी आग्नेय अलास्कात गाइडबरोबर माउंटन गोटच्या (कड्यांवर राहणारा, शेळीसारखा दिसणारा पांढरा प्राणी) शिकारीला जायचं ठरलं आहे. आगाऊ रक्कम भरली, तारखाही पक्क्या झाल्या. ज्युनोहून निघायचं, मोठ्या बोटीवर राहायचं, पाण्यावरूनच दुर्बिणीने कडे धुंडाळायचे आणि बोकड दिसला की स्किफने, म्हणजे मोटरच्या छोट्या होडीने, किनाऱ्याला लागून वर चढायचं, असा बेत आहे. पूर्व वॉशिंग्टनमध्ये हरणाची शिकार करत आलो आहे. सह्याद्रीत कॉलेजपासून भटकलो आहे. पण खवळलेला समुद्र आणि बर्फाचा कडा एकाच दिवसात, हे माझ्यासाठी नवीन आहे.

सध्या दर शनिवारी पाठीवर चाळीस पौंड घेऊन माउंट सायला जातो. एका बाजूने चार मैल, चढ ३१५० फूट. बंदूक .३०० विन मॅग काडतुसाची रायफल आहे. गाइडने सामानाची यादी पाठवली आहे, पण यादीत वस्तू असतात, त्यामागची कारणं नसतात. ती कारणं मला समजून घ्यायची आहेत. कपडे, बूट, बंदुकीची निगा, बोट लागण्याचा त्रास, नर-मादी ओळखणं, मांस घरी आणणं, ज्याला जे ठाऊक असेल त्याने सविस्तर लिहा. घाई नाही, हाताशी अजून दोन-अडीच महिने आहेत.

---

खाडीकाठ (ज्युनो, अलास्का)

पाऊलवाट, धागा काढलात हे फार बरं केलंत. बरीच वर्षं इथे राहतोय, बोट आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी हे हिवाळ्यातच आणि बोटीनेच का, ते सांगतो, कारण तयारी त्यावरून ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोट झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या माथ्यावर चरत असतात. तेव्हा लोक तळ्यावर उतरणाऱ्या विमानाने जातात किंवा दिवसभर चढून वर तंबू ठोकतात. नोव्हेंबरात माथ्यावर बर्फ साचलं की किनारपट्टीचे गोट खाली सरकतात. हेमलॉक आणि स्प्रूसच्या जुन्या दाट जंगलात जे कडे असतात, तिथे ते हिवाळा काढतात. वरच्या फांद्या बर्फ अडवतात, खाली दगडफूल, शेवाळ, हकलबेरीच्या काड्या असं खायला मिळतं. काही ठिकाणी तर ते पार समुद्राच्या पातळीपर्यंत येतात. म्हणून बोट. दुसरं कारण कातड्याचं. ऑगस्टमधला गोट आखूड केसांचा असतो. नोव्हेंबर अखेरीस दाढी, मानेवरची आयाळ आणि पायांवरच्या लांब केसांच्या झालरी पूर्ण भरलेल्या असतात. त्यासाठीच लोक इतकं वाईट हवामान पत्करतात.

आता उजेड. तुमच्या तारखांना इथे सात तासांच्या आसपास दिवस असतो, २१ डिसेंबरला तर सहा तास बावीस मिनिटं. सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि सव्वातीनला सूर्य गेलेला असतो. कडा शोधण्यात दोन तास गेले, चढायला तीन, तर उतरायला काय उरलं हा हिशेब बोटीवरच मांडा. परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवायची आणि वर गेल्यावर ती बदलायची नाही. समोर बोकड दिसत असला तरी नाही. दोन हेडलॅम्प न्या, बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत त्या फार लवकर बसतात.

कपड्यांचं म्हणाल तर इथली थंडी कोरडी नाही. शून्याच्या आसपासचं तापमान, धड पाऊस नाही धड बर्फ नाही अशी झड आणि वारा. उणे वीसची कोरडी थंडी यापेक्षा बरी, असं फेअरबँक्सहून आलेले लोकही म्हणतात. सुती कापड अजिबात नको, आतले कपडेसुद्धा. अंगालगत लोकर, त्यावर फ्लीस, वर सिंथेटिक भरावाचं जाकीट. पिसांचं जाकीट बोटीवर झोपताना वापरा, जंगलात ते ओलं झालं की संपलं. पावसाचे कपडे दोन जोड हवेत: स्किफमध्ये बसायला मासेमारांचे जाड रबरी, चढायला हलके. चढताना घाम येऊ देऊ नका, थोडं गारठूनच चालायला लागा. वर पोचलात की आतला ओला थर बदला आणि मगच दुर्बिणीला बसा. तासभर ओल्या अंगाने बसून राहिलेला माणूस नेम धरू शकत नाही.

पायात स्किफसाठी एक्स्ट्राटफ, म्हणजे इथल्या प्रत्येक घराच्या दारात असणारे ते तपकिरी रबरी बूट. कड्यासाठी कडक तळव्याचे डोंगरी बूट, ते ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, घालून न्यायचे आणि किनाऱ्यावर बदलायचे. क्रॅम्पॉन (बर्फावर पकड घेणारे लोखंडी दाते) बुटाला घट्ट बसतात का ते घरीच बघा. शिवाय जाड चामड्याचे हातमोजे घ्या. इथल्या उतारांवर डेव्हिल्स क्लब नावाचं झुडूप असतं. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काठ्या उरतात, घसरताना हात आपोआप तिकडे जातो आणि बारीक काटे तळव्यात मोडून राहतात. दुसऱ्या दिवशी ते पिकतात.

वारा, भरती-ओहोटी आणि हिमप्रपात यांवर वेगळं लिहितो, जेवायची हाक आली.

---

सह्यभटका (पुणे)

वाचनखूण साठवली आहे. माउंट सायबद्दल एक सुचवतो. तुम्ही वजन घेऊन चढताय ते चांगलंच, पण मळलेल्या वाटेवर गुडघा आणि घोटा आळशी होतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्याला चढण्याचा दम वेगळा आणि सुट्या दगडांवर तोल सांभाळणं वेगळं हे सांगायला नको. वाट सोडून ओल्या जंगलात, पडलेल्या ओंडक्यांवरून, वजनासकट उतरण्याचा सराव करा. मांड्या उतरतानाच हरतात. एक पाय उंच पायरीवर ठेवून दुसरा सावकाश खाली टेकवायचा, हा व्यायाम रोज घरी केलात तर महिन्याभरात फरक कळेल.

---

तांडेल (रत्नागिरी)

खाडीकाठ, तुमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक किती? मुंबईला मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं. स्किफ किनाऱ्याला लावून माणसं पाच-सहा तास डोंगरात जाणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार होडीचाच आला.

---

खाडीकाठ

तांडेल, नेमकं बोट ठेवलंत. ज्युनोला उधाणाच्या दिवसांत वीस फुटांच्या घरात फरक पडतो, आणि तुमच्यासारखंच दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. स्किफ ओढून ठेवली आणि पाणी उतरलं की ती खडकांवर कोरडी पडते. मोटरसकट ती उचलायला चार माणसं पुरत नाहीत. उलट भरती असेल तर बांधलेला दोर पुरत नाही आणि होडी निघून जाते. म्हणून पाऊलवाट, गाइडला हा प्रश्न विचाराच: आम्ही वर असताना स्किफ कोण सांभाळणार? चांगल्या व्यवस्थेत एक माणूस बोटीवर राहतो, उतरवून परत जातो आणि रेडिओवर निरोप दिला की घ्यायला येतो. तो माणूस नसेल तर नांगर कुठे टाकणार, दोर किती लांब, सगळं विचारून घ्या. तारखा उधाणाच्या आहेत की भांगाच्या (पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हाच्या), तेही बघून ठेवा. ओहोटीला उतरायचं झालं तर खडकांवर शेवाळ आणि त्यावर बर्फाचा पातळ थर असतो. गोटच्या कड्यापेक्षा या पट्टीत जास्त माणसं पडतात असं माझं मत आहे. स्किफमधून उतरताना बंदूक म्यानात, हात मोकळे.

वाऱ्याचं सांगतो. इथे हिवाळ्यात कॅनडाच्या पठारावरची थंड हवा हिमनद्यांच्या खिंडींतून समुद्राकडे कोसळते. ज्युनोजवळ त्याला टाकू वारा म्हणतात. लिन कॅनाल या इथल्या लांब समुद्रखाडीत उत्तरेचा वारा लागला की लाटांचे तुषार बोटीवर पडतात आणि तिथेच गोठतात. कठडे, दोर, केबिनचं छप्पर, सगळीकडे बर्फ चढत जातं, बोट वरच्या बाजूला जड होते आणि कलंडण्याची भीती असते. सागरी हवामानाच्या अंदाजात तुषार गोठण्याचा इशारा वेगळा देतात तो यासाठीच. अशा दिवशी गाइड आडोशाच्या खाडीत नांगर टाकून बसला तर त्याचे आभार माना. आठ दिवसांच्या सहलीत निम्मे दिवस असेच जाऊ शकतात, हे मनाशी धरूनच निघा. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा, कारण धुक्यात विमान ज्युनोला न उतरता पुढे निघून जातं.

तिसरी गोष्ट हिमप्रपात. अलास्काच्या किनारपट्टीवर रेडिओ गळपट्टे घातलेल्या ४२१ गोटचा १७ वर्षं अभ्यास झाला. भागाभागानुसार एकूण मृत्यूंपैकी २३ ते ६५ टक्के हिमप्रपातामुळे झाले होते. ज्या प्राण्याचा जन्मच कड्यावर होतो त्याची ही गत. तेव्हा झाडं नसलेली सरळ पांढरी घळ चढायला सोपी दिसते म्हणून तिच्यात शिरायचं नाही, जंगलाच्या धारेने चढायचं. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), सळई आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरायचं शिक्षण सिअ‍ॅटलमध्ये नोव्हेंबरच्या आधी घेता आलं तर जरूर घ्या.

---

रानवेडी (माँटाना)

खाडीकाठदादांनी समुद्र सांगितला, मी प्राण्याबद्दल लिहिते.

माउंटन गोटमध्ये नर आणि मादी दोघांनाही काळी, मागे वळलेली शिंगं असतात, लांबीही जवळजवळ सारखी, साधारण आठ ते दहा इंच. म्हणून हरणासारखं शिंग बघून भागत नाही. बुंधा बघायचा. बोकडाच्या शिंगांचा बुंधा जाड असतो, दोन शिंगांमध्ये कपाळावर फट जेमतेम उरते आणि वळण बुंध्यापासून टोकापर्यंत एकसारखं जातं. मादीचं शिंग बारीक, दोन्हींत फट मोठी, आणि बरंचसं सरळ जाऊन टोकापाशी एकदम मागे वळतं. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहिल्याशिवाय मत बनवू नका. लघवीला मादी बसते आणि बोकड अंग ताणून उभा राहतो. ही खूण लांबूनही चुकत नाही, फक्त वाट पाहायची चिकाटी हवी.

तुमच्या तारखांची एक अडचण आहे. एरवी मोठा बोकड एकटा असतो आणि कळपात पिलांबरोबर माद्या, त्यामुळे एकटा दिसला की अर्धं काम होतं. नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात हा त्यांचा माजाचा काळ. बोकड कळपात शिरलेले असतात. पण याच काळात ते पुढच्या पायांनी खड्डे खणून त्यात बसतात, लघवी आणि माती अंगावर घेतात. मागचा भाग, पोट आणि पाय मळलेले दिसतात. पांढऱ्याशुभ्र कळपात एखादा ढुंगणावर मातकट दिसला तर त्याच्यावर दुर्बीण रोखा.

बर्फात पांढरा प्राणी दिसणार कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. ढगाळ उजेडात बर्फ निळसर दिसतं आणि गोट जुन्या खोबऱ्याच्या वाटीसारखा पिवळट. तो रंग एकदा डोळ्यात बसला की मैलावरूनही ठिपका उठून दिसतो. बर्फावरची पावलांची रेघ शोधा, ती जिथे संपते तिथे प्राणी असतो. हलत्या बोटीवर तिवई चालत नाही, म्हणून बोटीवर दहा पट वाढवणारी साधी दुर्बीण आणि किनाऱ्यावर तिवईवरची मोठी.

डोळ्यांना सराव द्यायचा तर तुमच्या घराजवळच संधी आहे. २०१८ ते २०२० मध्ये ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधून ३२५ गोट उचलून कॅस्केड पर्वतात सोडले होते. कॅस्केडमध्ये मूळचेही आहेत. एक शनिवार माउंट सायऐवजी तिकडे घालवा, बंदूक न घेता, आणि प्रत्येक प्राण्याला नर की मादी हे स्वतःशी म्हणून बघा. अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची ओळखण्याची चाचणीही इंटरनेटवर आहे. ती सोडवत राहा.

हे सगळं इतकं ताणून लिहितेय कारण या प्राण्याची वाढ फार हळू होते. मादी चार-पाच वर्षांची होते तेव्हा तिला पहिलं पिलू होतं, बहुतेक एकच. एका खोऱ्यातल्या थोड्या माद्या गेल्या तरी तो कळप कित्येक वर्षं सावरत नाही. मादी मारणं बऱ्याच भागांत कायद्याने गुन्हा नाही, पण खातं तिचा हिशेब कडक ठेवतं आणि मर्यादा भरली की तो भाग मोसम संपण्याआधीच आणीबाणीच्या आदेशाने बंद करतं. मनात किंचित शंका असेल तर गोळी झाडायची नाही.

आता नेम. चढा किंवा उतरता नेम घेताना गोळीला सरळ रेषेतलं नाही, जमिनीवरचं आडवं अंतर लागू होतं. दुर्बिणीत ३०० यार्ड दिसले आणि कोन ४५ अंशांचा असला तर ते २१२ यार्ड समजून मारायचं, ३० अंशांना २६०. कोनही मोजणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या आणि उताराच्या जागी सराव करा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्राणी कुठे उभा आहे. गोट अतिशय चिवट. छातीत गोळी बसूनही चार पावलं टाकतो, आणि ती चार पावलं त्याला कड्याच्या टोकाला नेतात. दोनशे फूट कोसळलेल्या जनावराची शिंगं मोडतात, मांस फुटतं, आणि कधी कधी ते अशा जागी पडतं की तिथे पोचताच येत नाही. त्यामुळे खांद्यात मारून तो जागीच बसेल असा नेम, आणि पडला तरी हाताशी येईल अशी जागा, दोन्ही जुळेपर्यंत थांबायचं. गाइड "नको" म्हणाला तर त्यावर वाद घालायचा नाही.

---

नवखा_शिकारी (डॅलस)

पुढील लेखनास शुभेच्छा. दोन शंका. मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आहे. मला बंदूक हातात धरता येते का? आणि माझा मामेभाऊ अँकरेजला असतो. तो बरोबर असेल तर गाइडचा खर्च वाचेल का?

---

रानवेडी

पहिलं: स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर, म्हणजे एच-१बी सुद्धा, संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. अपवाद आहे तो कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकार परवाना जवळ असणाऱ्यांचा. परवाना आधी, बंदूक नंतर, आणि दुसऱ्याची बंदूक उसनी घेतली तरी तेच. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. व्हिसाचा प्रश्न आहे, त्यामुळे वकिलाशी एकदा बोलूनच पाऊल उचला.

दुसरं: अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला तपकिरी अस्वल, डॉल शीप (जंगली मेंढी) आणि माउंटन गोट यांच्यासाठी परवानाधारक गाइड बंधनकारक आहे, किंवा अलास्कात राहणारा, १९ वर्षांवरचा जवळचा नातेवाईक. त्यात आई-वडील, सख्खी भावंडं, आजी-आजोबा, सासू-सासरे, मेहुणे येतात. मामेभाऊ, चुलतभाऊ, काका, मामा येत नाहीत. आणि तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल तर नातेवाईकाची सवलत धरून चालू नका, गाइड लागेलच असं समजा.

फी: बाहेरच्या राज्यातल्या नागरिकाला शिकार परवाना १६० डॉलर, गोटचा टॅग ६०० डॉलर. हा टॅग धातूचा असतो, प्राणी पडल्यावर लगेच त्याला अडकवायचा.

---

खाडीकाठ

यात भर. गाइडचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुमची शिकार टोंगास राष्ट्रीय वनात असेल तर त्याच्याकडे वनखात्याची परवानगीही हवी. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या बोटीच्या कप्तानाला कोस्ट गार्डचा परवाना लागतो. हे तीन कागद विचारल्याने चांगला गाइड कधी रागावत नाही. आणि मोटर चालू असलेल्या बोटीतून गोळी झाडणं बेकायदा आहे. इंजिन बंद होऊन बोटीचा वेग पूर्ण मरायला हवा. तुम्ही तर किनाऱ्यावर उतरूनच मारणार आहात, पण माहीत असलेलं बरं.

---

औषधपाणी (मिनियापोलिस)

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी लिहिते.

बोट लागणं: मेक्लिझिन आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी घेतलं तर उपयोग होतो. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची चकती जास्त प्रभावी, निघण्याच्या किमान चार तास आधी लावायची. पण तिने तोंड कोरडं पडतं आणि काहींना जवळचं धूसर दिसतं. पाऊलवाट, तुम्हाला नेम धरायचा आहे, तेव्हा ती घरीच एकदा लावून बघा, पहिला प्रयोग बोटीवर नको. चकतीला हात लावून तो डोळ्याला लावू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती घेऊच नका. आल्याची वडी जवळ असू द्या, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि डोकं गरगरायला लागलं की केबिनमधून बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा.

थंड पाणी: तिथलं पाणी हिवाळ्यात चार-पाच अंशांच्या आसपास असतं. माणूस पडला की पहिलं एक मिनिट धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. त्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर निघायला हवं. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे थंडीने गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडतो, आणि ते लाइफ जाकीट नसल्यामुळे. स्किफमध्ये पाऊल टाकण्याआधी जाकीट अंगावर आणि पट्टे बांधलेले हवेत. पाठपिशवीचे पट्टे मात्र स्किफमध्ये मोकळे ठेवा.

बरोबरचा माणूस अडखळत बोलायला लागला, चेन लावता येईना, उगाच चिडायला लागला, तर त्याला काय होतंय असं विचारत बसू नका. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड गरम काहीतरी पाजा आणि खाली न्या. तो "मी ठीक आहे" म्हणेल. ऐकू नका.

---

मृदगंध (नाशिक)

धागा शांतपणे वाचला. माहिती उत्तम आहे, पण मनातलं विचारते. इतका देखणा प्राणी, तोही हिवाळ्यात, जेव्हा त्याला जगणंच कठीण असतं. त्याला मारायचं कशासाठी? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते मला योग्य वाटतं.

---

पाऊलवाट

ताई, प्रश्न रास्त आहे. भारतातली बंदी मलाही योग्य वाटते, आपल्याकडे जंगल किती उरलं आणि जनावरं किती उरली हे दिसतंच. इथे खातं हेलिकॉप्टर-विमानातून मोजणी करतं, त्यावर त्या त्या भागाचा आकडा ठरवतं, आणि आकडा भरला की बंद. परवान्याच्या पैशातून त्याच मोजण्या आणि अभ्यास चालतात. मी मांस खातो. ते कुठून आलं याची जबाबदारी स्वतः घ्यावी असं मला मनापासून वाटतं. अलास्कात खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी मी टाकलं नसतं. तुम्हाला हे पटेलच असं नाही, पण उत्तर द्यायला हवं होतं.

---

मृदगंध

पटलं नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे. मादीबद्दल रानवेडींनी लिहिलं ते लक्षात ठेवा एवढंच सांगते.

---

खाडीकाठ

मृदगंध, एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून लिहितो. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी त्लिंगित लोक फार पूर्वीपासून गोटची शिकार करत आले आहेत, आणि त्याची लोकर पिवळ्या सीडरच्या सालीच्या धाग्याबरोबर पिळून चिलकट शाली विणतात. समारंभात नाचताना पांघरायची ती शाल. एकेका शालीला वर्ष किंवा त्याहून जास्त जातं. आजही विणकर आहेत आणि त्यांना लोकर लागते. पाऊलवाट, कातडं भिंतीवर लावायचं नसेल तर ज्युनोत चौकशी करू, ते योग्य हातांत जाईल.

बंदुकीचं राहिलं होतं. खारी हवा आणि ओल यांमुळे लोखंड एका रात्रीत गंजतं. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, गोळी तिच्यातून निघून जाते. बंदूक रात्री उबदार केबिनमध्ये आणू नका, बाहेरच्या कोरड्या पेटीत ठेवा. आत-बाहेर केली की बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर आणि बोल्टच्या (गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) आत दव जमतं, सकाळी तेच गोठतं, आणि घोडा ओढल्यावर सुई नीट आपटत नाही. बोल्टमधलं जाड तेल पुसून काढा. विमानासाठी बंदूक रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करायची. गोळ्या त्यांच्या डब्यात, वजन विमान कंपनीच्या मर्यादेत. अस्वलाला पळवायचा फवारा विमानात कुठेच चालत नाही, तो ज्युनोत घ्या. नोव्हेंबरातही एखादं अस्वल बाहेर असतं.

---

तांबडा_रस्सा (कोल्हापूर)

मटणाचं कुणी बोलेना म्हणून आलो. माजातला म्हातारा बोकड म्हणजे वास येणार आणि मांस चिवट असणार. आमच्या भागात अशा बोकडाचं कातडं काढताना एक माणूस फक्त केस धरतो आणि दुसरा फक्त मांस. केसाला लागलेला हात मांसाला लावायचा नाही. निम्मा वास तिथेच वाचतो. चरबी सगळी काढून टाका. तुकडे दही, आलं-लसूण आणि कच्च्या पपईत रात्रभर ठेवा, कुकरला नेहमीपेक्षा दुप्पट शिट्ट्या काढा आणि मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. पुढचे पाय आणि मान रश्शाला, पाठीचा मऊ भाग वेगळा ठेवून सुकं. खिमा करून ठेवला तर सगळ्यात सोपं.

---

रानवेडी

केसाचं अगदी बरोबर. सोलताना रबरी हातमोजे घाला, गोटच्या तोंडावर कधी खरूजसारखे फोड असतात, तो विषाणू माणसाच्या हाताला लागतो. पूर्ण वाढलेल्या बोकडाचं जिवंत वजन सरासरी २६० पौंडांच्या आसपास. ओलं कातडं आणि डोकं हेच एक मोठं ओझं होतं, त्याशिवाय मांस. गाइड आणि तुम्ही मिळून काळोखात खाली आणणार, म्हणून उतरण्याचा सराव सह्यभटका म्हणतात तसा खरंच करा.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी तपशिलात उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. काल गाइडशी तासभर बोललो. स्किफवर एक माणूस कायम असेल, कागद तिन्ही आहेत, आणि परत फिरायची वेळ सकाळी कप्तान ठरवतो. नर-मादीबद्दल विचारलं तेव्हा त्याने मलाच दहा फोटो पाठवून ओळखायला सांगितले. आठ बरोबर आले, चुकलेले दोन फोटो फक्त एका बाजूने काढलेले होते. परवा कॅस्केडला जातोय, बंदूक न घेता.

तारखा पंचांगात पाहिल्या. शिकारीचे पहिले दिवस पौर्णिमेला लागून येतात, म्हणजे उधाण. तांडेल, यावर काही?

---

तांडेल

मग पहाटेची आणि दुपारची भरती-ओहोटी किती वाजता ते रोजच्या रोज कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. उतरताना पाणी चढतं असेल तर होडी अडकायची भीती कमी. आणि तुमच्याकडे दिवस लहान आहे, म्हणून परत घ्यायला येण्याची वेळ अंधार आणि खोल ओहोटी एकत्र येणार नाहीत अशी पकडा. दोन्ही जुळत नसेल तर त्या दिवशी त्या किनाऱ्यावर उतरू नका, दुसरी खाडी बघा.

---

खाडीकाठ

तांडेल म्हणतात तसंच करा. ज्युनोचं वेळापत्रक मी काढून इथे टाकतो, पण आतल्या खाड्यांमध्ये वेळ थोडी मागेपुढे होते, ती दुरुस्ती गाइडला विचारा.

एक दिवस आधी या. प्रवासात बंदुकीवरची दुर्बीण हलते, म्हणून मोहिमेआधी नेम तपासलाच पाहिजे. माँटाना क्रीकला रेंज आहे, मी घेऊन जातो. मोठा ड्राय बॅग कमी पडला तर विकत घेऊ नका, माझ्याकडे दोन पडून आहेत. विमानाचा नंबर व्यक्तिगत निरोपातून कळवा.